स्टेशनपासून आठ मिनिटं

टोकियोत भाड्याच्या घराची जाहिरात बघितली की त्यात स्टेशनपासूनचं अंतर चालायच्या मिनिटांत दिलेलं असतं. ही मिनिटं आपल्याकडच्या बिल्डरांच्या मिनिटांसारखी हवेतली नसतात. डोंबिवलीत ‘स्टेशनपासून फक्त पाच मिनिटं’ म्हणजे रिक्षा लगेच मिळाली, फाटक उघडं असलं आणि तुम्ही रात्री दोनला निघालात तर पाच मिनिटं. इथे हिशेब ठरलेला आहे. 80 मीटरला एक मिनिट, आणि वर चार मीटर उरले तरी त्याचं पुढचं पूर्ण मिनिट धरायचं. घरांची दलाली करणाऱ्या सगळ्यांना हा नियम लागू. सिग्नलला थांबायचा वेळ आणि पुलाचा चढ मात्र त्यात धरत नाहीत.

मिनिटाला 80 मीटर म्हणजे ऑफिसला निघालेल्या, हातात फक्त बॅग असलेल्या माणसाची चाल. माझी लेक तेव्हा सहाची होती आणि तिची चाल मीटरमध्ये मोजण्यासारखी नव्हतीच. मांजर दिसलं की थांबायचं, फुटपाथच्या कडेच्या दगडावरून तोल सांभाळत जायचं, मग उलटं चालून बघायचं, शीतपेयाच्या प्रत्येक मशीनसमोर उभं राहून कुठलं बटण दाबलं असतं ते मनाशी ठरवायचं. जाहिरातीतली आठ मिनिटं तिच्याबरोबर वीस व्हायची. मला त्या फिरस्तीत एवढं कळलं की घराच्या नकाशावर जे जे लिहिलेलं असतं, दक्षिणेचं तोंड, किती तातामी चटयांची खोली, कितवा मजला, ते सगळं मोठ्या माणसाच्या अंगाच्या मापाने लिहिलेलं असतं. आणि आम्ही तर सगळ्यांना सांगत होतो की ‘मुलीसाठी चांगली वस्ती’ शोधतोय.

सल्ला द्यायला माणसं कमी नव्हती. नवऱ्याच्या कंपनीने बदलीच्या कागदांबरोबर एक यादी दिली होती, तिच्यात पहिलं नाव अझाबू आणि हिरोओचं. वकिलातींचा भाग, बाजारात इंग्रजी पाट्या, बागेत गोऱ्या मुलांना सांभाळणाऱ्या बाया. तिथली भाडी बघून नवरा म्हणाला, ही यादी बहुतेक डायरेक्टर लोकांची असावी, आपल्या पाकिटात चुकून पडली. ऑफिसातल्या एका जपानी बाईंनी किचिजोजी सुचवलं, कारण त्यांचं कॉलेजचं आयुष्य तिथे गेलं होतं आणि तिथल्या मोठ्या बागेतल्या तळ्यावर त्यांचा जीव होता. एकाने योकोहामा सांगितलं, कारण त्याला स्वतःला टोकियो सोडायचं होतं. वस्तीबद्दलचा सल्ला हा बहुतेक वेळा देणाऱ्याच्या आयुष्याबद्दल असतो, हे मुलीसाठी स्थळं बघणाऱ्या आईबापांना माहीत असतं, मला तेव्हा नव्यानेच दिसत होतं.

भारतीय सहकाऱ्यांचं मात्र एकमत होतं. निशिकासाई. कारण सांगायचीही त्यांना गरज वाटत नव्हती. ‘सगळे तिथेच आहेत ना,’ एवढंच.

आणि तेवढ्यावरच माझं मन उलट फिरलं. पुण्याहून एवढ्या लांब यायचं आणि पुन्हा हिंजवडीच्याच सोसायटीत राहायचं? लिफ्टमध्ये ‘अप्रेझल झालं का’, खाली ‘आमच्याकडे इडली रवा संपलाय, तुमच्याकडे आहे का’. जपानला आलोय तर जपानी शेजार हवा, लेकीच्या कानावर जपानी पडायला हवं. हे मी नवऱ्याला अगदी तावातावाने सांगितलं. त्याने नेहमीप्रमाणे ‘बरं’ म्हटलं आणि एका एजंटाची वेळ घेतली.

एजंटाचं दुकान एका दुसऱ्या वॉर्डात होतं, शांत, झाडांच्या गल्ल्यांच्या भागात. काउंटरवरचा पोरगा पंचविशीचा असेल. आम्ही निवडलेली घरं त्याने कागदावर छापून समोर मांडली आणि एकेका मालकाला फोन लावायला घेतले. मला जपानी तेव्हा अगदी थोडं यायचं, पण ‘गाइकोकुजिन’ हा शब्द यायचा, परदेशी माणसाला म्हणतात तो. प्रत्येक फोनमध्ये तो शब्द दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात यायचा आणि त्यानंतर पलीकडचा आवाज लांबायचा. हा पोरगा फोनसमोर मान लववत ‘हाइ, हाइ’ करत राहायचा. फोन ठेवला की तो आमच्याकडे बघून दोन्ही हातांची फुली करायचा, आणि त्याला इतकं ओशाळल्यासारखं व्हायचं की आम्हीच त्याला ‘असू दे, असू दे’ म्हणायचो. एका घराला नकार आल्यावर त्याने तो कागद उलटा ठेवला. नंतर आमच्यासमोर उलट्या कागदांची चळत झाली. लेक त्या कोऱ्या बाजूंवर त्याच्याच पेनाने घरं काढत बसली होती.

हा आमच्यापुरता अनुभव नव्हता. जपानच्या न्याय मंत्रालयाने परदेशी रहिवाशांची पाहणी करून 2017 मध्ये तिचा अहवाल दिला, त्यात घर शोधलेल्यांपैकी जवळजवळ 40 टक्के लोकांनी सांगितलं होतं की परदेशी आहोत म्हणून आपल्याला घर नाकारलं गेलं. मालकांची बाजूही एजंटाने समजावली. भाडं बुडवून माणूस देश सोडून गेला तर पकडायचं कुणाला, कचऱ्याचे वार पाळले नाहीत तर शेजारी कुणाकडे तक्रार करणार. म्हणून जामीनदार लागतो, आणि तो जपानी असला तर बरं. शिवाय डिपॉझिट वेगळं, आणि मालकाला आभारापोटी द्यायची, कधीच परत न मिळणारी पागडी वेगळी. गिरगावातल्या पागडीच्या खोलीत जन्म काढलेल्या माझ्या आजोबांना हे ऐकून आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं असतं.

निशिकासाईत भारतीय का जमले, याचं उत्तर मला त्या काउंटरवरच मिळालं. त्याला ‘आपल्या माणसांची ओढ’ वगैरे म्हणतात. ओढ असेलही, पण ती नंतरची. आधी जिथे दार उघडलं तिथे माणसं गेली. 1970 च्या दशकाच्या शेवटी जगमोहन चंद्राणी नावाचे कोलकात्याचे चहाचे व्यापारी तिथे येऊन राहिले. गोदाम बंदराच्या जवळ पाहिजे होतं आणि तो भाग तेव्हा नवा, मोकळा आणि स्वस्त होता. निशिकासाईचं स्टेशनच 1979 चं. पुढे वीस वर्षांनी, 2000 साल उजाडताना कॉम्प्युटरांची तारीख बिघडेल की काय म्हणून जगभर धावपळ झाली तेव्हा भारतातून इंजिनियर पोरांचे जथे टोकियोत आले. त्यांची कामं ओतेमाची, कायाबाचोच्या बँकांमध्ये, आणि तोझाई लाइनने निशिकासाईहून तिथे पाव तासात पोचता येतं. राहायला जागा कोण देणार, जेवायला शाकाहारी कुठे मिळणार, ही विचारणा चंद्राणींकडे यायची, आणि त्यांनी या पोरांच्या खाण्याचीही सोय केली.

दुसरं दार सरकारी होतं. तिथे यूआर नावाची सरकारी संस्था आहे, आपल्या म्हाडासारखी म्हणता येईल, फक्त ती घरं भाड्याने देते आणि लॉटरीची वाट बघायला लावत नाही. 1955 पासून, म्हणजे युद्धानंतर घरांची टंचाई होती तेव्हापासून, हिच्या आधीच्या संस्थेने मोठमोठ्या वसाहती बांधल्या. त्यांत जामीनदार नको, पागडी नको, दलाली नको, कराराच्या नूतनीकरणाचे पैसे नकोत. पगाराचा कागद दाखवा, नाहीतर वर्षाचं भाडं आगाऊ भरा. पासपोर्टाचा रंग विचारत नाहीत, व्हिसा नियमात असला की झालं. निशिकासाईच्या आसपास अशा वसाहती बऱ्याच आहेत. एका इंजिनियरला घर मिळालं की तो खालच्या मजल्यावरची रिकामी खोली बघून मित्राला सांगायचा. निशिकासाई ज्यात येतं त्या एदोगावा वॉर्डात आज जपानमधली सर्वांत मोठी भारतीय वस्ती आहे, ती अशी मजल्यामजल्याने चढत गेली आहे.

तर आम्ही निशिकासाई बघायला गेलो. मी अटीवर गेले: रविवारी जायचं नाही. रविवारी कुठलीही वस्ती चांगलीच दिसते. शाळा सुटायच्या वेळेला जायचं आणि दिवेलागणीपर्यंत थांबायचं. कुणी मला वस्ती निवडायचा एकच उपाय विचारला तर मी अजूनही हाच सांगेन.

तोझाई लाइन नाव भुयारी रेल्वेचं लावते, पण मिनामी-सुनामाचीनंतर ती जमिनीबाहेर येते आणि अराकावा नदीवरच्या लांबच लांब पुलावरून जाते. नदी एवढी रुंद की लेकीने विचारलं, समुद्र आला का. मग पुलाच्या पलीकडे एकसारख्या इमारती, आणि उंचावरचं स्टेशन. उतरल्यावर काही विशेष दिसलं नाही. ‘लिट्ल इंडिया’ म्हणून वर्तमानपत्रांतून लिहितात, पण कमानी नाहीत, हनुमान नाही, भगवे-हिरवे झेंडे नाहीत. इकडे-तिकडे मसाल्याची दुकानं आणि हॉटेलं, आणि रस्त्याने चालताना मध्येच कुणाच्या तरी एक्झॉस्ट फॅनमधून मोहरी-हिंगाची फोडणी. बाकी सगळं टोकियोच.

साडेतीनच्या सुमाराला पोरं दिसायला लागली. पाठीवर ती चामड्याची चौकोनी दप्तरं, पहिलीच्या पोरांच्या दप्तरांवर पिवळी कव्हरं, पट्ट्याला लोंबणारा धोक्याचा बझर. बरोबर कुणीही मोठं माणूस नाही. सहा-सात वर्षांची पोरं, दोघं-तिघं, कुठे एकटीच, ठरवून दिलेल्या रस्त्याने घरी चाललेली. प्रत्येक शाळेचा असा रस्ता ठरलेला असतो. चौकात सकाळी झेंडी घेऊन कुणी ना कुणी आजी-आजोबा उभे असतात, आणि वाटेतल्या काही दुकानांवर, घरांवर एक स्टिकर असतो: घाबरलास तर इथे शीर. आमच्यासमोर एक मुलगा कुंपणाला काठी घासत जात होता, टर्रर्र आवाज करत. कोपऱ्यावरच्या लाँड्रीतली बाई बाहेर आली, त्याला काहीतरी बोलली, त्याने काठी खाली केली आणि चार पावलं पुढे जाऊन पुन्हा लावली. मला डोंबिवलीच्या आमच्या गल्लीतल्या परांजपे काकू आठवल्या. कुणाचं पोर कुठे आहे आणि काय करतंय हे आईच्या आधी त्यांना ठाऊक. दुपारच्या झोपेत काही आवाज झाला तर त्या खिडकीतून ओरडायच्या आणि आमचं खेळणं बंद पडायचं. अशा खडूस माणसाशिवाय पोरांना मोकळं सोडता येत नाही, हे मला आई झाल्यावर पटलं.

एका वसाहतीच्या मधल्या पटांगणात आम्ही टेकलो. वाळूचा चौकोन, घसरगुंडी, सायकलींच्या रांगा, आणि बाकावर दोन आज्या. एक नऊवारीतली नव्हे, साधी पाचवारी, वर पुरुषी स्वेटर आणि पायात पांढरे स्पोर्ट्स शूज. दुसरी कांजीवरमच्या काठाची सुती साडी आणि कानटोपी. पहिली बार्शीकडची, दुसरी विजयवाड्याची. दोघी नव्वद दिवसांच्या व्हिसावर मुलांकडे आलेल्या. बार्शीच्या आजींचं हिंदी ‘तुमने खाया क्या’ एवढ्यावर संपायचं आणि विजयवाड्याच्या आजींचं त्याच्याही आधी, तरी त्यांची गाठ रोजची. समोर नातवंडं जपानीत भांडत होती. बार्शीच्या आजींनी मला विचारलं, ‘नवीन का? कितव्या मजल्यावर?’ अजून घर घेतलं नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, ‘घ्या की. मला कुणीतरी बोलायला.’ मग त्यांना आठवलं की पुढच्याच आठवड्यात त्या परत जाणार आहेत. ‘माझी सून आहे,’ त्या म्हणाल्या, ‘ती बोलेल.’

मला त्या बाकावर माझाच तावातावाचा मुद्दा पुन्हा तपासावासा वाटला. जपानी शेजार हवा, मुलीला भाषा यावी, हे सगळं खरं होतं. पण लेकीला भाषेची काळजी नव्हती, ती वाळूत शिरून पाच मिनिटांत कुणाची तरी बादली मिळवून बसली होती. शांत, झाडांच्या गल्लीत मी दिवसभर काय करणार होते? नवरा आठला निघून रात्री नऊला येणार. मी भाषा न येणारी, नोकरी सोडून आलेली. चांगली शाळा, सुरक्षित गल्ली, खेळायला मैदान, या मुलांच्या नावाने केलेल्या यादीत आईबाप आपापली भीती गुपचूप घालत असतात. नवऱ्याने घातलं होतं गाडीत उभं राहायचं अंतर. मी घातलं होतं, आपण इथेही तेच राहिलो तर मग आलो कशाला, हे. आणि या दोन्हींच्या खाली, कुणीही न लिहिलेलं, एकटेपण. ते लेकीच्या नावावर खपवण्यापेक्षा सरळ मोजलेलं बरं, असं मला वाटलं. मुलांना मोकळी सोडणारी वस्ती आईला कोंडून ठेवत असेल तर पोरगी संध्याकाळी मोकळी होऊन कुणाकडे परत येणार?

अंधारायच्या आधी खांबांवरच्या कर्ण्यांतून गाणं वाजलं. जपानमध्ये बऱ्याच गावांत-वॉर्डांत संध्याकाळी असं एखादं जुनं बालगीत वाजतं, बहुतेक ठिकाणी ‘युयाके कोयाके’. पोरांनी घरी जावं, ही खूण. काय शिस्त बघा, पटांगण खरोखर रिकामं व्हायला लागलं. मला ते फार गोड वाटलं. नवऱ्याने फोनवर शोधलं आणि सांगितलं की हे कर्णे मुळात आपत्तीच्या इशाऱ्यासाठी आहेत. भूकंप, पूर आला तर त्यांवरून सूचना देतात, आणि ते चालू आहेत ना हे रोज तपासायला म्हणून गाणं.

पूर कसला, ते वॉर्डाच्या पुस्तिकेत कळलं. एदोगावा वॉर्डाने 2019 च्या मे महिन्यात घरोघर वाटलेली पुराची पुस्तिका आहे. तिच्या मुखपृष्ठावर वॉर्डाचा नकाशा आहे, त्यातून बाहेरच्या जिल्ह्यांकडे जाणारे बाण, आणि नकाशावर लिहिलंय, ‘इथे थांबायचं नाही’. मी बऱ्याच सरकारी पुस्तिका पाहिल्या आहेत. आपल्याच हद्दीतल्या माणसांना मुखपृष्ठावर असं सांगणारी ही एकच. आत कारण दिलंय. वॉर्डाची सुमारे 70 टक्के जमीन भरतीच्या वेळी समुद्राच्या पातळीखाली असते. एका बाजूला अराकावा, एका बाजूला एदोगावा नदी, खाली उपसागर. मोठा पूर आला तर पाणी एक-दोन आठवडे ओसरणार नाही, म्हणून आधीच वॉर्ड सोडून जा.

इतकी खाली जमीन मुळात नव्हती. इथे समुद्रात नोरीची, त्या काळ्या शेवाळाच्या पापडाची, शेती चालायची आणि कोळी राहायचे. कारखान्यांनी पूर्व टोकियोत जमिनीखालचं पाणी उपसलं, नैसर्गिक वायू काढला, आणि जमीन खचत गेली. कोळ्यांनी 1962 मध्ये मासेमारीचे हक्क सोडले, 1969 मध्ये रेल्वे आली, मग भराव पडले. यातली गंमत अशी की समुद्रात भराव घालून केलेल्या सेइशिंचोसारख्या नव्या वसाहती जुन्या गावठाणापेक्षा उंच आहेत. पुस्तिकेतल्या नकाशात त्या कोरड्या दाखवल्यात. आणि ज्या अराकावाला लेक समुद्र समजली होती ती तिथली नदी माणसांनी खणलेली आहे. 1910 च्या पुरात टोकियो बुडाल्यावर शहराला वळसा घालून पाणी समुद्रात न्यायला हा वीसेक किलोमीटरचा कालवा खोदला, 1930 मध्ये तो पुरा झाला. त्यावर काम केलेले इंजिनियर आओयामा आकिरा त्याआधी पनामा कालव्यावर राबून आलेले. म्हणजे पुराला शहरापासून लांब ठेवण्यासाठी केलेल्या नदीच्या काठी आम्ही पोरगी घेऊन घर बघत होतो.

नवरा म्हणाला, संपलं. दुसरं बघू. मी म्हटलं, थांब. 26 जुलै 2005 ला मी कुर्ल्याला अडकले होते, कंबरभर पाण्यातून चालले होते. मिठी नदीच्या काठाने राहणाऱ्या किती लोकांना आधी कुणी पुस्तिका दिली होती? इथे धोका जास्त असेल, पण तो छापून दिलाय आणि पळायचा रस्ताही दाखवलाय. 2019 च्या ऑक्टोबरात मोठं वादळ आलं तेव्हा या वॉर्डाने पश्चिमेकडच्या भागाला बाहेर पडायला सांगितलं होतं, हजारो लोक शाळांमध्ये जाऊन राहिले, बांध टिकला. हे ऐकून तो गप्प झाला असं नाही. त्याने इमारतीचं वय विचारलं. 1981 च्या जूनमध्ये जपानने भूकंपाचे बांधकाम-नियम कडक केले, त्यानंतर परवानगी मिळालेली इमारत हवी, ही त्याची अट. मजला वरचा हवा, ही माझी. या दोन अटींवर आम्ही त्याच भागात घर शोधायला लागलो, आणि मिळालं ते स्टेशनपासून जाहिरातीतल्या मोठ्या माणसाच्या चालीने आठ मिनिटांवर, सातव्या मजल्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि गॅलरीतून दिसणारी नदीच्या बांधाची हिरवी रेघ.

शाळेचा प्रश्न त्यानंतर आला, आणि तो घरापेक्षा अवघड निघाला. या भागात भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा आहेत. 2004 मध्ये शेजारच्या कोतो वॉर्डात पहिली निघाली, 2006 मध्ये एदोगावात दुसरी. मुलं इंग्रजीत, सीबीएसईचं शिकतात, परत गेलं की गाडी सांधा न बदलता पुढे जाते. गंमत म्हणजे गणित चांगलं म्हणून जपानी आईबापही तिथे मुलं घालतात. दुसरी वाट वॉर्डाच्या शाळेची, फी नाही, पत्त्यावरून शाळा ठरते, चालत जायचं. कुठली शाळा हा प्रश्न विचारला की खरा प्रश्न उघडा पडतो: किती वर्षं राहायचं? ‘दोन वर्षांनी परत’ हे इथल्या प्रत्येक भारतीय घरात म्हणतात, त्यातले काही वीस वर्षांपासून म्हणतायत. आम्ही वॉर्डाची शाळा निवडली. तिथे दुपारचं जेवण शाळेतच, मुलं पांढरे ॲप्रन बांधून एकमेकांना वाढतात, नंतर वर्ग झाडतात. जेवणात मासे, मांस आलं की लेकीला डबा. महिन्याचा मेनू आधी घरी येतो आणि मी त्या दिवशीच्या पदार्थासारखं दिसणारं काहीतरी करून देते. डुकराच्या मांसाच्या कटलेटला सुरणाचं कटलेट ठीक जमतं, माशाच्या गोळ्यांच्या रश्शाला मात्र अजून तोड सापडलेली नाही.

वस्तीतलं बाकीचं चांगलं थोडक्यात सांगून टाकते, ते कुठल्याही माहितीपत्रकात मिळेल. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना दवाखान्यात पैसे पडत नाहीत, हे टोकियोच्या 23 ही वॉर्डांत आहे. ग्योसेन बागेतलं फुकटचं प्राणिसंग्रहालय, लाल पांडासकट. कासाई स्टेशनखालचं भुयारी रेल्वेचं संग्रहालय. समुद्राकाठची मोठी बाग आणि मत्स्यालय. आणि 1973 पासून इथे जुने ओढे बुजवायच्या ऐवजी पोरांना पाय बुडवून खेळता येतील असे बांधून काढायला सुरुवात झाली, देशात पहिल्यांदा. पुराची एवढी धास्ती असलेल्या वॉर्डाने मुलांना पाण्यात खेळायला द्यावं, याचं मला कौतुक वाटतं.

आणि हो, वॉर्डाच्या सभागृहात 2019 मध्ये मूळ महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक निवडून गेले होते. जपानचं नागरिकत्व घेऊन, जपानीत प्रचार करून. भारतात जन्मलेला माणूस जपानमध्ये निवडून यायची ती पहिली वेळ. माझ्या सासूबाईंना निशिकासाईबद्दल एवढी एकच गोष्ट लक्षात आहे आणि त्या ती गल्लीत सगळ्यांना सांगतात, जणू ते आमच्याच घरातले आहेत.

जपानी शेजार? तोही आहे. डाव्या बाजूच्या आजींना आम्ही राहायला आल्यावर टॉवेलची घडी नेऊन दिली, तशी रीत आहे म्हणून. त्यांनी बदल्यात कचऱ्याचं वेळापत्रक दिलं, तिथल्या वारांना लाल पेनाने गोल करून. त्या परांजपे काकूंच्या तोडीच्या आहेत. लेक लिफ्टने न येता जिन्याने धावत आली की मला दार उघडायच्या आधी त्यांच्या दाराचा आवाज येतो. लेकीला त्यांचं बोलणं पूर्ण कळतं, मला निम्मं. त्या काय म्हणाल्या हे लेक मला सांगते तेव्हा स्वतःबद्दलच्या तक्रारी गाळून सांगते, अशी मला दाट शंका आहे.

आता नव्या येणाऱ्यांचे फोन आम्हाला येतात. नुकताच कोल्हापूरच्या एका जोडप्याचा आला होता, तीन वर्षांचा मुलगा आहे. त्यांना मी सगळ्यात आधी पुराची पुस्तिका पाठवते, इंग्रजीतही मिळते ती. मग इमारतीचं साल बघायला सांगते, मग शाळा सुटायच्या वेळेला फिरून या म्हणते. बाई शांतपणे सगळं ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, ‘ते सगळं बघूच हो ताई. तिथं ओलं खोबरं मिळतंय काय?’ मिळतं म्हटलं, गोठवलेलं, खवलेलं, पाकिटात. पलीकडे तिने नवऱ्याला जोरात हाक मारली, ‘अहो, मिळतंय!’ आणि मग मला म्हणाली, ‘आता मजल्याचं काय म्हणत होता ते सांगा.’